भिशीचे चाळीस हजार कुठे घालायचे?

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता वगळून मजकूर थोडक्यात असा:

"आमचं स्लॅबचं घर आहे, वरचा मजला, गच्ची आमचीच. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरीच पॉवर मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवते. हिवाळ्यात महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट पडतात, मे महिन्यात मात्र ३१० झाले. फ्रीज चौदा वर्षांचा आहे. यंदा माझी चाळीस हजारांची भिशी लागली. दीर म्हणतात, फाइव्ह स्टार फ्रीज रोख घे, फाइव्ह स्टार एसी हप्त्यावर घे, बिल निम्मं होईल, पैसे आपोआप वसूल. मिस्टर म्हणतात, चालतंय ते कशाला काढायचं? बिलावरून घरात रोज कुरबूर होते. सासूबाई तर भर दुपारीसुद्धा पंखा बंद करून बसतात. ही महागडी फाइव्ह स्टार यंत्रं खरंच परवडतात का? आणि नको म्हणायचं झालं तर दिरांना कसं सांगू? मागच्या वर्षी अडचणीत तेच धावून आले होते."

ताई,

तुमच्या पत्रात फ्रीज आहे, एसी आहे, पाच तारे आहेत, पण मी अडले ती सासूबाईंच्या ओळीपाशी. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बिलाच्या धास्तीने पंखा बंद करून बसलंय. हे आधी थांबायला हवं, म्हणून पहिला हिशोब त्यांच्यासाठी. साधा जुना छताचा पंखा पूर्ण वेगावर साधारण ७५ वॅट घेतो. म्हणजे तेरा तास फिरला की एक युनिट. तुमच्याकडे उन्हाळ्यात एक युनिट वाचलं तर बारा-तेरा रुपये वाचतात (ते कसं, पुढे सांगते). म्हणजे पंख्याचा तासाचा खर्च झाला एक रुपया. दुपारी बारा ते पाच घामाघूम होऊन सासूबाई दिवसाला पाच रुपये वाचवतात. हा आकडा त्यांना सांगा, जवळ बसून सांगा. मोठ्या माणसांना घरात कुणी हिशोब सांगत नाही, नुसतं 'बिल आलं, बिल आलं' त्यांच्या कानावर पडत राहतं. मग आपल्या हातात जे बंद करणं आहे, ते त्या बंद करतात.

आता ताऱ्यांकडे येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, ही केंद्र सरकारची संस्था २००२ साली सुरू झाली आणि २००६ पासून तिने उपकरणांना तारे द्यायला सुरुवात केली. त्या ताऱ्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण त्यांच्याकडून आपण भलतीच अपेक्षा करतो. एकाच प्रकारच्या आणि एकाच मापाच्या यंत्रांमध्ये कोणतं कमी विजेत तेवढंच काम करतं, एवढंच तारे सांगतात. ते यंत्र तुमच्या घरी रोज किती तास चालणार आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. आणि तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या तासांत आहे.

दिरांचं 'बिल निम्मं होईल' हे म्हणणं तिथेच डळमळतं. ज्याच्या घरी आधीच जुना एसी आहे आणि तो काढून कुणी नवा बसवतो, त्याचं बिल कमी होईल. तुमच्याकडे एसी नाहीच. मग पाच काय, कितीही ताऱ्यांचा आणला तरी तो आजच्या बिलावर चढणार. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी तापलेल्या स्लॅबखाली रात्रभर चालला की पाच-सहा युनिट सहज घेतो. महिन्याला दीडशेच्या वर. तुम्ही मे महिन्यात आधीच ३१० वर आहात, म्हणजे ती दीडशे युनिट महावितरणच्या ३०१ ते ५०० या टप्प्यात जाऊन बसणार, आणि तिथे सगळे आकार आणि शुल्क धरून युनिट सोळा-सतरा रुपयांपर्यंत जातं. अडीच हजार रुपये महिन्याला, शिवाय हप्ता. घरात बिलावरून कुरबूर आहे म्हणता, तिच्यात एवढी भर घालायची का, हे दोघांनी बसून ठरवा.

एसीच्या लेबलवर वर्षाची जी युनिट छापलेली असतात, ती १६०० तासांची असतात. तुम्ही उन्हाळ्यातल्या ऐंशी रात्री आठ-आठ तास लावलात तर होतात ६४० तास. समजा तीन तारे आणि पाच तारे यांच्या लेबलांत २०० युनिटांचा फरक आहे, तर तुमच्या घरी वाचणार ८०. वरच्या टप्प्याच्या दराने तेराशे रुपये वर्षाला. दुकानात दोघांच्या किमतीत सहा-आठ हजारांचा फरक असेल तर तो भरून यायला पाच-सहा उन्हाळे जातील. दुकान किंवा क्लिनिक चालवणाऱ्याने, दिवसा दहा-दहा तास एसी लावणाऱ्याने पाच तारेच घ्यावेत, त्याचा फरक दोन-तीन वर्षांत निघेल. रात्रीपुरता लावणाऱ्या घराला तीन तारे पुरतात. उद्या सासूबाईंच्या तब्येतीमुळे डॉक्टरांनीच खोली थंड ठेवायला सांगितली तर हा वसुलीचा हिशोब बाजूला ठेवा आणि एक टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या. औषधाचे पैसे वसूल झाले का, असं आपण विचारत नाही. तो २४ अंशांवर ठेवा, सोबत पंखा हळू लावा. एक अंश वर ठेवला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, असं बीईईच सांगते.

मग तुमच्या घरात वीज खातंय कोण? तुमच्या पत्रात ज्याचं नाव फक्त 'बंद करतात' म्हणून आलंय, तो पंखा. हॉलचा आणि सासूबाईंच्या खोलीतला पंखा उन्हाळ्यात सोळा-सतरा तास फिरत असणार (त्या बंद करतात ते सोडून), तुमच्या खोलीतला नऊएक तास, स्वयंपाकघरातला तीन-चार. सगळे मिळून चाळिसाच्या वर तास, गुणिले ७५ वॅट. दिवसाला तीन-साडेतीन युनिट, महिन्याला शंभराच्या आसपास. तुमच्या मे महिन्याच्या बिलातला एक तृतीयांश! पंख्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो वर्षानुवर्षं तिथेच असतो आणि आपल्याला स्वस्त वाटतो.

हल्ली बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात. तेवढाच वारा देऊन ते २८ ते ३५ वॅट घेतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही स्टार लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळे ओळखणं सोपं आहे: पाच तारे असलेले पंखे बहुतेक याच मोटरचे असतात. किंमत तीन हजारांच्या आसपास. हॉल, सासूबाईंची खोली आणि तुमची खोली, असे तीन बदललेत तर उन्हाळ्यात महिन्याला पन्नास-पंचावन्न युनिट कमी होतील. पावसाळा-हिवाळा धरून वर्षाचे चार-साडेचार हजार रुपये. नऊ हजारांची खरेदी दोन उन्हाळ्यांत, फार तर तिसऱ्यात, फिटते. स्वयंपाकघरातला पंखा बदलू नका. तो फिरतोच इतका कमी की तिथे तीन हजार घालणं व्यर्थ आहे.

घेताना दोन गोष्टी बघा. लेबलवर नुसते वॅट बघू नका, हवा किती फेकतो तेही वाचा. ४८ इंची पंख्याला हा आकडा मिनिटाला २१० घनमीटर किंवा त्याहून जास्त असायला हवा. कमी वॅट आणि कमी वारा असा पंखा आणलात तर सासूबाईंना उकडेल आणि जुना पंखाच बरा होता, असं घरात ठरेल. दुसरं, हे पंखे बहुधा रिमोटवर चालतात आणि जुन्या रेग्युलेटरवर ते नीट चालत नाहीत. इलेक्ट्रिशियनला रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगा. सासूबाईंच्या खोलीसाठी मात्र भिंतीवरचं बटण चालू-बंद करूनही वेग बदलता येतो, अशा प्रकारचा मागा. रिमोट गादीखाली गेला म्हणून दुपारभर बसून राहायची वेळ त्यांच्यावर यायला नको.

आता तुमच्या शिलाई मशीनकडे या. त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि त्यावर तारे-बिरे काही नसतात, पण मला तिथे पैसे दिसतात. मशीनचं बटण लावा, पायडल दाबू नका आणि नुसते कान द्या. घूंऽऽ असा आवाज येतच राहिला तर तुमच्या मशीनला क्लच मोटर आहे. तुम्ही कॉलर जुळवत असा, बॉबिन भरत असा, मुलाला डबा द्यायला उठलेल्या असा, ती मोटर फिरतच असते आणि मीटरही. सर्व्हो मोटर पाय दाबला तरच फिरते. रोज पाच-सहा तास मशीनवर बसणाऱ्या बाईची त्यात महिन्याला वीसेक युनिट वाचतात, तीही बारा महिने. साधारण चार-पाच हजारांत मोटर येते, ती बसवून देणारे मेकॅनिक सोलापुरात युनिफॉर्मच्या धंद्यामुळे गल्लोगल्ली आहेत. दीड-दोन वर्षांत पैसे फिटतात आणि दिवसभर कानाशी चालणारी घरघर थांबते. मशीन नवं असेल, मोटर बिनआवाजी असेल, तर हे काम आधीच झालेलं आहे. घरगुती मशीनच्या छोट्या मोटरला मात्र यातलं काही करायची गरज नाही.

बारा-तेरा रुपयांचं कोडं आता सोडवते, कारण सगळा हिशोब त्यावर उभा आहे. आपण बिलाची रक्कम भागिले युनिट असं करून सरासरी काढतो. बचत मोजायला ती सरासरी चालत नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि पुढे. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल चढ्या दराने लागतं, असं पुष्कळ जण समजतात. तसं होत नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण म्हणूनच, तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात वरचं, सगळ्यात महागडं असतं. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांवर १६ टक्के वीज शुल्क मिळून तिथलं एक युनिट बारा-तेरा रुपयांना पडतं, पहिल्या टप्प्यातलं सहा-सात रुपयांना. दर बदलत राहतात, तेव्हा ताज्या बिलावरचा आकडा घ्या. स्थिर आकार मात्र कितीही वीज वाचवलीत तरी तेवढाच राहतो. म्हणून ज्या घराचं बिल बारा महिने शंभर युनिटांच्या आत असतं, त्यांनी महागडं यंत्र केवळ बचतीसाठी घेऊ नये. त्यांचं एक युनिट स्वस्त आहे, पैसे फिटायला तुमच्या दुप्पट वर्षं लागतील.

मिस्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते फ्रीजच्या बाबतीत तपासून बघता येतं. फ्रीज चौदा वर्षांचा आहे एवढ्यावरून तो काढायचा की ठेवायचा, ते ठरत नाही. तुम्ही सगळे अक्कलकोटला किंवा पंढरपूरला दर्शनाला जाल, त्या दिवशी फ्रीज सोडून घरातलं एकूणएक बटण बंद करा, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्ससुद्धा. निघताना मीटरचा आकडा दशांशासकट लिहून घ्या, फोटोच काढा. आल्या आल्या पुन्हा बघा आणि चोवीस तासांचा हिशोब करा. दिवसाला एक युनिट किंवा त्याच्या आत आलं, तर मिस्टर बरोबर आहेत, फ्रीज राहू द्या. दीड-दोनकडे गेलं, तर तो फ्रीज वर्षाला साडेपाचशे ते सातशे युनिट खातोय. आजच्या एकदारी, १९०-२०० लिटरच्या चांगल्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला शंभर ते दोनशे युनिट असतात. आपल्याकडच्या तापलेल्या स्वयंपाकघरात थोडी जास्त धरा, तरी चारेकशे युनिट वाचतात आणि अठरा-वीस हजारांचा फ्रीज चार वर्षांत फिटतो.

पण काढायच्या आधी दाराचं रबर बघा. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाला तर रबर गेलंय, गार हवा रात्रंदिवस बाहेर पडतेय आणि कॉम्प्रेसरला थांबायला मिळत नाही. रबर काही शे रुपयांत बदलून मिळतं. मागची जाळी धुळीने भरलेली असेल, तुमच्या घरी तर कापडाचे बारीक तंतूही असणार, ती प्लग काढून ब्रशने झाडा. फ्रीज भिंतीला खेटून असेल तर चार बोटं पुढे ओढा. बर्फाचा थर साचू देऊ नका. आणि प्यायच्या पाण्यासाठी माठ भरा. उन्हाळ्यात मुलं पाण्याच्या बाटलीसाठी पाच-पाच मिनिटांनी दार उघडतात, तोही फ्रीजवरचा भार आहे. एवढं करून पुन्हा मोजा, आकडा खाली आला तर वीस हजार वाचले.

नवा घ्यायचाच झाला तर आधी माप ठरवा आणि मग तारे बघा. मोठ्या दोन-दारी फ्रीजचे तारे जास्त असले तरी तो छोट्या एकदारीपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. म्हणून लेबलवरची वर्षाची युनिट हाच खरा आकडा. त्याच मापात तीन आणि पाच ताऱ्यांमध्ये चाळीस युनिटांचा फरक असेल तर तो वर्षाला पाचेकशे रुपयांचा, दहा वर्षांत पाच हजारांचा. किमतीतला फरक तीन हजारांच्या आत असेल तर पाच तारे घ्या. फ्रीज चोवीस तास चालतो, तिथे तारे कामाला येतात. लेबलवरचं सालही वाचा. बीईई दर काही वर्षांनी निकष कडक करते, त्यामुळे जुन्या सालचा पाच तारेवाला माल आजच्या निकषाने चार किंवा तीनचा असू शकतो. आणि जुना फ्रीज एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. 'पाण्याच्या बाटल्यांसाठी हॉलमध्ये राहू दे' म्हणून तो ठेवलात तर नव्याची सगळी बचत जुना खाऊन टाकेल.

पुन्हा सासूबाईंच्या खोलीकडे, कारण नुसता पंखा चालू ठेवून भर उन्हाळ्यातलं काम भागत नाही. खोलीतली हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंखा तीच तापलेली हवा अंगावर मारतो, शरीर थंड होण्याऐवजी तापतं. जागतिक आरोग्य संघटनाही चाळीसच्या वर पंख्यावर विसंबू नका, असं सांगते. म्हणून आधी छत. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या घरांवर पांढऱ्या मातीची माळवदं होती, ती घरं भर मे महिन्यात सुसह्य असायची. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो. गच्ची तुमचीच आहे, तेव्हा होळीच्या सुमारास ती झाडून-धुऊन तिच्यावर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. हात आखडता असेल तर चुन्याचे दोन हात द्या, तो पावसात उतरतो, पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा. खाली दोन-चार अंशांचा फरक पडतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी चक्क कूल रूफ धोरण आणलं. दोन-तीन हजारांत होणारं हे काम आहे आणि ते घरातल्या प्रत्येक खोलीला पुरतं.

त्याच्यावर कूलर. आपली हवा कोरडी आहे, म्हणून इथे कूलर जसा चालतो तसा मुंबई-कोकणात चालत नाही. तो दीडशे-दोनशे वॅट घेतो, एसीच्या पाव हिश्शाच्या आसपास. अडचण पाण्याची आहे. मोठा कूलर दुपारभरात दोन-तीन बादल्या पाणी पितो, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात त्या बादल्या कुठून आणायच्या, हे सोलापूरकराला सांगायला नको. म्हणून छोटा, एका खोलीपुरता कूलर घ्या, तो फक्त बारा ते पाच सासूबाईंच्या खोलीत लावा. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट होऊन जीव घुसमटतो. जूनमध्ये हवा ओली झाली की तो उपयोगाचा नाही, तेव्हा नवा पंखा पुरेल.

माझ्याकडे याच धर्तीची आणखीही पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. गिझरमध्ये तापवणारी कॉइल सगळ्यांचीच जवळजवळ सारखी असते. तिथले तारे टाकीतलं पाणी किती वेळ गरम राहतं, यावर मिळतात. अंघोळीपुरतं बटण लावून बंद करणाऱ्यांना जास्त ताऱ्यांचा फायदा नगण्य. आपल्या क्षाराच्या पाण्याने कॉइलवर जो थर चढतो तो वर्षातून एकदा काढून घ्या, त्याचा फायदा जास्त. वॉशिंग मशीन गार पाण्याने चालवलं तर एका धुण्याला फार थोडी वीज लागते. तिथे तारे सोडा, पाणी किती लिटर लागतं ते बघा. ट्यूब अजून चोकवाली असेल तर या आठवड्यात बदला, एलईडी वीस वॅटमध्ये काम करते आणि दोन-तीनशे रुपयांत येते.

ज्यांची गच्ची मोकळी आहे आणि बिल बारा महिने दोनशे-तीनशेच्या वर आहे, त्यांनी छतावरच्या सौर यंत्रणेची चौकशी जरूर करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोलापूरच्या उन्हात एक किलोवॅटपासून दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. पण आधी पंखे आणि मोटर बदला. गरज कमी झाली की यंत्रणाही छोटी लागते.

वाचलेल्या युनिटाला बिलापलीकडेही किंमत आहे, हे मला मनापासून वाटतं. आपल्या शेजारी फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे, ते कोळसा जाळतं आणि पाणी उजनीचंच घेतं. वीज आणि पाणी या आपल्याकडे वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता तुमचे चाळीस हजार. तीन पंख्यांना नऊ-दहा हजार, मोटरला पाच, गच्चीला तीन, छोट्या कूलरला सहा-सात. पंचवीस हजारांत घर बरंच सोसवेल असं होतं, आणि पंखे-मोटर यांची मिळून मे महिन्यात हजारेक रुपयांची बचत. त्यातले दोन-तीनशे कूलर परत घेईल, ते घेऊ द्या. उरलेले पंधरा हजार बँकेत ठेवा. फ्रीज मोजून झाल्यावर काढायचाच ठरला, तर दसरा-दिवाळीला त्यात थोडी भर घालून रोखीने घ्या. 'बिनव्याजी' हप्त्यात प्रोसेसिंग फी असते आणि रोखीवर मिळणारी सूट जाते, ती दोन्ही मिळून किती होतात, ते दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या आणि मगच सही करा. सगळं एका महिन्यात करू नका. पंखे आणि मोटर आधी, मग एक बिल येऊ द्या, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी ताडून बघा. जुना आकडा बिलावर छापलेला असतोच.

राहिले तुमचे दीर. त्यांनी पडत्या काळात हात दिला, त्यांचा सल्ला धुडकावल्यासारखं व्हायला नको, ही तुमची काळजी योग्यच आहे. त्यांना तोंडी 'नको' म्हणू नका. बिल, पेन आणि एसीच्या लेबलचा फोटो घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि १६०० तासांचा हिशोब त्यांनाच मांडायला सांगा. पंखे आणायला त्यांना सोबत न्या. यंत्रांची आवड असलेला माणूस घासाघीस चांगली करतो आणि रेग्युलेटरची जोडणीही तो इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभा राहून नीट करून घेईल. एवढं करूनही ते एसीवर अडून राहिले, तर सरळ सांगा: "भावजी, पुढच्या मे महिन्याचं बिल बघू आणि मग ठरवू." तोवर कूलरचा एक उन्हाळा झालेला असेल आणि सासूबाईंना खरंच आणखी काही लागतंय का, ते त्यांना स्वतःलाच विचारता येईल.